पहिले दोन किलोमीटर, शेवटचे दोन आठवडे

दहा किलोमीटरच्या शर्यतीत अपेक्षेपेक्षा दीड-दोन मिनिटे जास्त लागली की धावणाऱ्याचा पहिला संशय जातो तो सरावावर. मायलेज कमी पडले, टेकडीवरचे दोन रविवार चुकले, बूट जुने झाले. मग पुढच्या तीन महिन्यांचे वेळापत्रक आणखी कडक होते आणि पुढची शर्यतही तशीच फसते. अशा निकालाचे कारण बहुतेक वेळा त्या तीन महिन्यांत नसतेच. ते शर्यतीच्या पहिल्या दोन किलोमीटरमध्ये असते, नाहीतर शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. या दोन टप्प्यांवर शरीराकडून मिळणारे संकेत फसवे असतात, आणि धावणारा नेमका तेव्हाच आकडे बाजूला ठेवून त्या संकेतांवर विसंबतो.

आधी सुरुवातीचे पाहू. पहाटेची हवा, समोर ढोल-ताशा, बिब लावून खेटून उभे असलेले हजारभर लोक, अंगात भिनलेले ॲड्रेनालिन आणि आठवडाभराच्या आरामाने ताजे झालेले पाय. अशा वेळी किलोमीटरमागे वीस सेकंद जादा वेगाने पळालो तरी काहीच जाणवत नाही. याला शारीरिक कारण आहे. धावायला लागल्यावर प्राणवायूचा वापर गरजेच्या पातळीपर्यंत पोहोचायला दोन-तीन मिनिटे लागतात. तोवरची तूट स्नायू प्राणवायूविना मिळणाऱ्या ऊर्जेतून भरून काढतात, आणि तो साठा मर्यादित असतो. प्रत्येक धावणाऱ्याचा एक असा वेग असतो की त्याच्या आत शरीर स्थिरावते आणि त्यापुढे गेले की हा साठा सतत खर्ची पडतो. शास्त्रज्ञ त्याला ‘क्रिटिकल स्पीड’ म्हणतात. दहा किलोमीटरची शर्यत या सीमेच्या अगदी जवळ पळली जाते. म्हणून सीमेच्या जेमतेम वर असलेला वेग थोडा वाढवला तरी साठा कितीतरी लवकर संपतो, आणि तो पुन्हा भरायचा तर सीमेच्या बराच खाली उतरावे लागते. धाप आणि पायांतला जडपणा जाणवतो तो तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला, म्हणजे खर्च होऊन गेल्यावर. पन्नास मिनिटांचे लक्ष्य धरा, किलोमीटरला पाच मिनिटे. पहिले दोन किलोमीटर 4:40 ने पळून चाळीस सेकंद कमावले, पुढचे चार अचूक पाच मिनिटांनी गेले आणि शेवटचे चार 5:25 वर घसरले, तर वेळ होते 51 मिनिटे. कमाई चाळीस सेकंदांची, नुकसान शंभर सेकंदांचे. यातला 5:25 हा आकडाही मी सौम्य धरला आहे. आपल्याकडच्या दमट हवेत घसरण याहून मोठी असू शकते.

युगांडाच्या जोशुआ चेप्टेगाईचे उदाहरण या संदर्भात फार मोलाचे वाटते. मार्च 2017 मध्ये जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा त्याच्याच देशात, कंपालात झाली. घरच्या प्रेक्षकांसमोर वीस वर्षांचा चेप्टेगाई सुमारे दहा किलोमीटरच्या शर्यतीत मोठी आघाडी घेऊन शेवटच्या फेरीत शिरला आणि तिथे त्याचे शरीर अक्षरशः कोलमडले. केनियाचा जेफ्री कामवोरोर जिंकला, चेप्टेगाई तिसावा आला. त्या दिवशी त्याची तयारी कमी होती असे म्हणता येत नाही, कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत त्याने दहा हजार मीटरमध्ये मो फराहच्या मागे रौप्यपदक मिळवले. 7 ऑक्टोबर 2020 रोजी व्हॅलेन्सियात त्याने 26 मिनिटे 11 सेकंदांचा विश्वविक्रम केला, त्याचे आकडे पाहा. पहिले पाच हजार मीटर 13:07, दुसरे पाच हजार 13:03. दोन्ही अर्ध्यांत फरक जेमतेम चार सेकंदांचा, आणि तोही उत्तरार्ध जलद.

यावर आक्षेप येईल की व्हॅलेन्सियात वेग दाखवणारे दिवे ट्रॅकच्या कडेला होते आणि सुरुवातीला पेसरही होते. हौशी धावणाऱ्याला हे कुठून मिळणार? आक्षेप बरोबर आहे, पण तो माझ्याच मुद्द्याला बळ देतो. जगातल्या सर्वोत्तम धावपटूलाही अंदाजावर सोडले नव्हते, त्याला बाहेरून आकडा पुरवला होता. मग आपण अंदाजावर का पळावे? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मध्यम तयारीच्या महिला धावपटूंवर ट्रेडमिलवर केलेला एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच किलोमीटरच्या धावेतला पहिला मैल सरासरीपेक्षा तीन ते सहा टक्के जलद पळणाऱ्यांच्या वेळा सुधारलेल्या दिसल्या. त्याच वर्षी टकर, लँबर्ट आणि नोक्स यांनी विश्वविक्रमी शर्यतींचे विश्लेषण मांडले. पाच आणि दहा हजार मीटरमध्ये पहिला आणि शेवटचा किलोमीटर मधल्या किलोमीटरपेक्षा जलद असतो, असे त्यातून दिसते. तेव्हा पहिला किलोमीटर किंचित जलद गेला म्हणून शर्यत हातची जात नाही, हे मान्य करायला हवे. मात्र ट्रेडमिलवर ती वाढ मोजूनमापून दिलेली होती आणि अंतर निम्मे होते. विक्रमवीर शेवटचा किलोमीटर जलद पळतात, याचाच अर्थ त्यांनी सुरुवातीला सगळे उधळलेले नसते. रस्त्यावर गर्दीच्या रेट्यात होणारी वाढ कोणी मोजून देत नाही.

आता शेवटचे दोन आठवडे. शर्यत जवळ आली की सराव कमी करण्याला टेपर म्हणतात. बऱ्याच जणांना वाटते की ही मॅरेथॉनवाल्यांची गोष्ट आहे, दहा किलोमीटरला तिची काय गरज? पुरावा तसे सांगत नाही. बॉस्के आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 27 अभ्यास एकत्र तपासले. सर्वाधिक फायदा दिसला तो साधारण दोन आठवड्यांत सरावाचे अंतर 41 ते 60 टक्क्यांनी उतरवणाऱ्यांना, आणि त्यांनी वेग व आठवड्यातले धावण्याचे दिवस कमी केले नव्हते. 1994 च्या एका अमेरिकी अभ्यासात सात दिवसांच्या टेपरनंतर पाच किलोमीटरची वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारली. पन्नास मिनिटांवर तीन टक्के म्हणजे दीड मिनिट. सगळ्यांना इतका लाभ होईल असे नाही, पण निराश करणाऱ्या शर्यतीत बहुधा एवढ्याच वेळेचा हिशेब लागत नसतो.

इथेही शरीर उलट बोलते. अंतर कमी केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पाय जड वाटू लागतात, कुठेतरी गुडघा कुरकुरतो, झोप उडते. तयारी निसटते आहे असे वाटून माणूस शर्यतीच्या चार दिवस आधी ‘शेवटचा एक जोरदार’ टेम्पो रन मारून येतो आणि साठवलेले घालवतो. दुसरी चूक नेमकी विरुद्ध टोकाची आहे, आठवडाभर पूर्ण विश्रांती. कॅनडात मध्यम अंतराच्या धावपटूंवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 1992 मध्ये आले. त्यात नुसता आराम करून क्षमता वाढली नाही, कमी अंतर आणि जास्त वेग ठेवणाऱ्या टेपरनंतर मात्र ती ठळकपणे वाढली. अशा टेपरमध्ये स्नायूंतले ग्लायकोजेन भरून येते आणि रक्ताचे प्रमाणही वाढते. पूर्ण थांबल्यास रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच घटू लागतो. आठवड्याला चाळीस किलोमीटर धावणाऱ्याने आधीच्या आठवड्यात सव्वीस-अठ्ठावीस आणि शर्यतीच्या आठवड्यात शर्यत सोडून सोळा-अठरा किलोमीटर धावावे. दिवस तेवढेच, फक्त प्रत्येक धाव छोटी. मंगळवारी शर्यतीच्या वेगाने चारशे मीटरचे चार-पाच तुकडे घ्यावेत. आठवड्याला जेमतेम पंधरा किलोमीटर धावणाऱ्याकडे मात्र कमी करण्यासारखे फारसे नसते. त्याने शेवटचे चार-पाच दिवस हलके ठेवले तरी पुरे.

पुढची नोंदणी करण्याआधी मागच्या शर्यतीचा निकाल उघडा. त्यात पाच किलोमीटरची वेळ दिलेली असेल तर ती दुप्पट करा आणि एकूण वेळेतून वजा करा. मार्ग सपाट असूनही फरक मिनिटाहून जास्त निघाला, तर नवे बूट आणि नवे वेळापत्रक सध्या राहू द्या. पन्नास मिनिटांच्या लक्ष्यासाठी पहिले दोन किलोमीटर 5:03 ते 5:05 ने पळा. घड्याळातला जीपीएस उंच इमारतींमध्ये चुकतो, म्हणून किलोमीटरच्या पाट्यांवर स्वतः लॅप दाबा. चढ लागला तर वेगाऐवजी श्रम सारखे ठेवा आणि लोक पुढे जात असतील तर जाऊ द्या. आठव्या किलोमीटरनंतर अंगात जे उरले असेल ते सगळे वापरा.