दिसूनहि न दिसणारें घुबड

अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना व यूटा या राज्यांच्या वाळवंटी प्रदेशांत नद्यांनीं खडक कापून खोल घळी केल्या आहेत. त्यांच्या तळाशीं जेथें पाणी टिकतें, तेथें कॉटनवुडचीं मोठीं झाडें वाढतात. आणि त्यांच्या ढोलींत 'वेस्टर्न स्क्रीच आउल' नांवाचें, अवघें वीतभर लांबीचें घुबड राहतें.

दिवसा तें पुष्कळदां ढोलीच्या तोंडाशींच बसतें; तरी दिसत नाहीं. त्याच्या करड्या पिसांवरील काळ्या रेघा हुबेहूब सालीसारख्या असतात. चाहूल लागतांच तें अंग आंखडून ताठ होतें, डोक्यावरील तुरे उभारतें आणि पिवळे डोळे मिटून केवळ फट ठेवतें. मग तें मोडक्या फांदीचा खुंटच भासतें. आपल्याकडील लहान 'स्कॉप्स' घुबडहि याच युक्तीनें दडतें.

तर मग शोधावें कसें? प्रथम खुणा पाहाव्या. बुंध्याशीं पांढरी विष्ठा व ओकून टाकलेल्या केसांच्या आणि हाडांच्या गोळ्या पडलेल्या असतात. लहान पक्षी एके जागीं जमून कलकलाट करीत असल्यास तेथें घुबड असण्याचा संभव असतो. रात्रीं त्याचे घूत्कार ऐकूं येतात. चेंडूच्या उसळ्या थांबतांना जशा भराभर होतात, तसे ते जलद होत जातात.

विद्यार्थिमित्रांनो, घुबड सांपडल्यावर मात्र दुरूनच पाहावें. दिवसा उडविलेल्या घुबडामागें पक्षी लागतात, आणि शिकारी पक्ष्याची दृष्टि पडल्यास त्याचा प्राणहि जातो. निश्चलता हेंच त्याचें चिलखत. आपल्या कुतूहलापायीं तें हिरावून घेऊं नये.