वायर सहाची, फ्यूज चाळीसचा

सकाळी ६.४०

शटर वर ढकललं तेव्हा गाडी दारातच उभी होती. बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर. मूळचा पांढरा रंग मुरुमाच्या धुळीखाली कुठेतरी असावा. मालक मागच्या हौद्यात रिकाम्या पोत्यांवर आडवा. रात्री आमचूर भरून चांदसैलीचा घाट उतरला, पहाटे व्यापाऱ्याच्या गोदामात माल टाकला आणि तळोद्यात माझ्या गॅरेजसमोर येऊन झोपला. जूनचा पहिला आठवडा. मृग तोंडावर आला की धडगावकडचं घरोघरचं आमचूर घाईने खाली उतरतं. वाळलेल्या फोडींना एक सर लागली की त्या काळ्या पडतात आणि भाव तिथेच बसतो.

त्याच्या उशाला खोका होता. खोक्यात बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, पाच लिटरची टाकी, गेज, पाइप, पिशवीभर पितळी निपल.

"मिस्तरी, दुपारपर्यंत होईल ना?"

"कॉम्प्रेसर तासाभरात बसेल, दादा. गाडी संध्याकाळी मिळेल."

तो हसला. त्याला वाटलं मी मजुरी वाढवतोय.

७.३०

चहा. गाडीत हवेचं मशीन कशाला, हे मी विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं. त्याचं अर्धं भाडं डांबरावरचं नाही, पाड्यांवरचं. सुट्टे गोटे, वाळलेले नाले, उभा चढ. ३२ ची हवा असली की टायर गोट्यावरून उडतो आणि चाक जागच्या जागी फिरतं. हवा १८ वर आणली की टायर पसरतो, दगडाला धरतो, गाडी मुकाट चढते. हे त्याला कुणी शिकवलं नाही. एकदा चुकून हवा कमी असताना चढ सुटला, तेव्हा कळलं. ऑस्ट्रेलियात वाळवंट ओलांडणारेही हेच करतात, तिकडे या कॉम्प्रेसरचा मोठा धंदा आहे.

हवा सोडायला काडी पुरते. भरायची कुठे? १८ च्या हवेवर डांबरी रस्त्याने, भरल्या गाडीने घाट उतरायचा म्हणजे टायरची बगल प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि फाटते. गेल्या महिन्यात त्याचा एक टायर असाच गेला, आणि स्टेपनी काढली तर तीही बसलेली. रात्र गाडीतच काढली. खाली तळोद्यात दर फर्लांगावर पंचरवाला आहे. वर पाड्यावर रात्री नऊनंतर हवा मागायची कुणाकडे?

या घाटाची सगळी दुखणी हवेने बरी होतात असं नाही. २०२१ च्या सप्टेंबरात चांदसैलीत दरड कोसळून रस्ता बंद झाला. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक नवरा पायी निघाला होता, वाटेतच ती गेली. तिथे कॉम्प्रेसर काय करणार? पण जे आपल्या हातात आहे ते तरी नीट असावं.

एक गोष्ट मी त्याला स्पष्ट सांगितली, तुम्हालाही सांगतो. महिन्यातून एखाद्या वेळी कच्च्या रस्त्याला जाणाऱ्याने या भानगडीत पडू नये. बॅटरीला चिमटे लावून चालणारा हातातला पंप डिकीत टाकावा आणि गप्प बसावं. पक्का कॉम्प्रेसर ज्याला आठवड्यातून चारदा चार चाकं भरायची आहेत त्याच्यासाठी.

८.१५

जागा शोधणं. बॉनेट उघडलं की गिऱ्हाइकाचं बोट हमखास इंजिनाशेजारच्या मोकळ्या जागेकडे जातं. जागा असते, पण तिथे आधीच भट्टी असते. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा स्वतःच तापतो. त्यात गरम हवा ओढायला दिली की बिचारा कामाच्या आधीच थकतो. चासीखाली लावावा तर नाल्यातलं पाणी आणि चिखल. शेवटी मागच्या सीटखाली ठरलं. आवाज येईल, येऊ दे.

सीट उचलली आणि खाली आमचुराच्या फोडी. दोन वर्षांच्या तरी असतील. पत्र्याला चिकटून बसलेल्या, कडक, तपकिरी, आणि जिथे चिकटल्या तिथे रंग उडून गंज धरलेला. भाच्याने पट्टीने खरवडून काढल्या. त्यातली एक त्याने पुसून तोंडात टाकली. मी काही बोललो नाही, आयटीआयचं पोरगं आहे, लोखंडही पचवेल.

समोरच्या ओट्यावरचे आजोबा काठी टेकत आले. "हाई काय शे?"

"कॉम्प्रेसर, बाबा."

"मंग ट्रॅक्टर कठे शे?"

बरोबरच आहे त्यांचं. आमच्याकडे कॉम्प्रेसर म्हणजे विहीर खोदणारा. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं ते धूड, त्याच्या हवेवर कातळाला भोकं पाडायची, मग बार उडवायचा. आणि ट्रकवाल्यांना तर यात नवल वाटणारच नाही. एअर ब्रेकच्या ट्रकला इंजिनावर कॉम्प्रेसर जन्मापासूनच असतो. टाकीला नळी लावून स्वतःचे टायर भरणारे कितीतरी ड्रायव्हर मी पाहिलेत. आम्ही आज नवीन काही करत नव्हतो, ट्रकची सोय कॅम्परला देत होतो.

९.००

पत्र्याला चार भोकं, खाली जाड वॉशर, मध्ये रबरी बुश, नायलॉक नट. रबर नसेल तर कॉम्प्रेसरची थरथर सीटमधून थेट माणसाच्या मणक्यात जाते आणि नटही ढिले होतात. टाकी बाहेर, चासीच्या आतल्या बाजूला, कंपनीच्याच भोकांत पट्टी अडकवून. चासीवर वेल्डिंग मी करत नाही, आणि भरलेल्या टाकीवर तर कुणीच करू नये. पाणी काढायची कॉक बरोबर खाली येईल अशी टाकी फिरवली. हवेतली वाफ दाबली की पाणी होते, पावसाळ्यात तर वाटीभर. ते आत राहिलं तर टाकी आतून सडते.

पावणेदहाला कॉम्प्रेसर बसला. मालक घड्याळाकडे बघून खूश.

१०.००

"वायर आणलीय मी," म्हणत त्याने लाल गुंडाळी पुढे केली. घराच्या वायरिंगची, अडीच स्क्वेअर एमएमची.

वाद घालण्यापेक्षा दाखवलेलं बरं. इंजिन चालू, बॅटरीवर मीटर धरला: १४.१ व्होल्ट. तीच अडीचची वायर तात्पुरती जोडून कॉम्प्रेसर भाराने चालवला आणि मीटर त्याच्या पायाशी धरला: १२.७. जवळजवळ दीड व्होल्ट रस्त्यातच खर्च झाला. भाच्याला म्हटलं, वायरीला हात लाव. त्याने लावला आणि पटकन काढला. पाच मीटरच्या अंतरावर कॉम्प्रेसर अठ्ठावीस-तीस अँपिअर ओढतो. एवढी गर्दी बोळातून न्यायची म्हणजे चेंगराचेंगरी होणारच.

मग सहाची वायर, तांब्याची, बारीक तारांची. घरच्या वायरीतल्या जाड तारा गाडीच्या हादऱ्यांनी तुटतात, म्हणून तारा बारीक आणि पुष्कळ हव्यात. सहाच्या वायरीवर तोच मीटर १३.४ दाखवत होता. आवाजसुद्धा बदलला; कण्हणं थांबलं.

१०.४५ ते १.१५

दिवसाचा खरा भाग हाच, आणि दिसायला याच्यात काही नाही. एक माणूस गाडीखाली, एक डॅशबोर्डखाली, मध्ये एक काळी वायर.

रिलेचे चार पाय भाच्याकडून बोलून घेतले. ३० वर बॅटरी, ८७ वर कॉम्प्रेसर, ८५ अर्थ, ८६ वर इशारा. तो इशारा चावीकडून निघतो, डॅशबोर्डवरच्या बटणातून जातो आणि मग प्रेशर स्विचमधून. म्हणजे चावी फिरवलेली हवी, बटण दाबलेलं हवं आणि टाकीत हवा कमी हवी, तेव्हाच कॉम्प्रेसर सुरू. आमचा स्विच ९० पौंडांवर चालू करतो, १२० वर बंद. बटणातून आणि स्विचमधून फक्त रिले उचलण्यापुरता करंट जातो, तीस अँपिअर रिलेच्या पोटातून जातात. काही जण रिले वाचवतात आणि सगळा भार बटणावर टाकतात. ती बटणं वितळलेली माझ्याकडे येतात. टेबलाच्या खणात एक ठेवलंय, दाखवायला.

फ्यूज ४० चा, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर. यात मी ऐकत नाही. पंधरा वर्षांपूर्वी नवीन गॅरेज टाकलं तेव्हा एका जीपला मी जादा दिवे लावून दिले. फ्यूज ठेवला स्विचजवळ, बदलायला सोपा म्हणून. वायर इंजिनाकडून केबिनमध्ये घेताना पत्र्याच्या भोकात रबर घातलं नाही, काळी टेप गुंडाळली. सहा महिन्यांनी पत्र्याच्या कडेने टेप कापली, मग वायरीची साल. फ्यूज पुढे, शॉर्ट मागे. फ्यूजला पत्ताच नाही. गिऱ्हाइकाने बॅटरीची वायर हाताने उपटली म्हणून गाडी वाचली. त्याचा तळहात भाजला. तो अजूनही गाडी माझ्याकडेच आणतो, आणि बिल देताना तोच हात पुढे करतो असा मला भास होतो.

म्हणून आज भोकाची कडा कानशीने घासली, रबरी ग्रोमेट बसवलं, वायरीवर नळी चढवली, दर वीतभरावर क्लिप मारली, सायलेन्सरपासून लांबून नेली. अर्थ घेताना बोल्टखालचा रंग पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला. लग दाबून बसवले आणि ओढून पाहिले. एक निसटला. पुन्हा.

मालक एव्हाना दोनदा येऊन गेला होता. "अजून वायरच?"

१.३०

भाकरी, ठेचा. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

२.१५

पाइप. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा इतकी तापलेली असते की साधा नळीचा तुकडा तिथे मऊ पडून निसटतो. म्हणून पहिला हातभर पाइप जाळीचा, मग नॉन-रिटर्न, मग टाकी. टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह. स्विच बिघडून कॉम्प्रेसर थांबलाच नाही तर तो फुसकारतो. दाबाच्या टाकीशी खेळ नको.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, पहिली आटी मोकळी सोडून, नाहीतर टेपेचा चिंधोटा आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये बसतो. मग हवा भरली आणि वाटीत साबणाचं पाणी करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावलं. अकरा जोड. सात गप्प राहिले, तिघांवर बुडबुडे आले, आणि गेजच्या मागचा एक तर लहान मुलासारखा फुगे काढत बसला. सोड, पूस, टेप, आवळ, पुन्हा साबण. याला पावणेदोन तास लागले.

मधेच मालकाची फर्माईश: आता टाकी आहेच, तर प्रेशर हॉर्न लावून टाका. घाटात वळणावर बरा.

"नाही लावणार, दादा." केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम कर्णकर्कश आणि सुरावटीचे हॉर्न लावू देत नाही. नियम बाजूला ठेवला तरी, घाटातल्या शाळेच्या पोरांच्या कानाशी तो वाजावा असं मला वाटत नाही. तो दुसरीकडून लावून घेईल, हे मला माहीत आहे. जागा त्याने सकाळीच बघून ठेवलीय.

४.१०

परीक्षा. चारही चाकं १८ वर आणली. कपलरला नळी लावली, पहिलं चाक.

टाकीवर लोकांचा फार भरवसा असतो. टाकी पाच लिटरची, टायरच्या पोटात साठेक लिटर. १२० पौंडांची भरलेली टाकी १८ च्या टायरला नुसती जोडली तर दोघांचं मिळून सव्वीसच्या आत येतं. पुढचं सगळं कॉम्प्रेसरलाच ओढायचं असतं. टाकी म्हणजे सुरुवातीचा धक्का. पहिलं चाक दोन मिनिटांत ३२ वर गेलं, दुसरं तीन मिनिटांत. मग मी बटण बंद केलं.

"का थांबवलं?"

खोक्यावर छापलेलं दाखवलं: ३३ टक्के. दहा मिनिटं चालला तर वीस मिनिटं विश्रांती. मोटरीत उष्णतेचा कटआउट आहे, जास्त तापली तर आपली आपण बंद पडते, पण रोज त्या टोकाला नेऊ नये. दोन चाकं भरायची, बिडी ओढायची, मग दोन.

"मी बिडी ओढत नाही."

"मग पोती आवळा."

५.२०

लाइट गेली. शेजारच्या पंचरवाल्याचा दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर विजेवरचा, त्याची टाकी सकाळपासून उपसलेली. समोर तीन मोटारसायकली, एक रिक्षा आणि ऊस कारखान्याकडचं एक ट्रॉलीचं चाक. तो आमच्याकडे बघत होता. मी मालकाकडे बघितलं. त्याने गाडी रिव्हर्स घेऊन त्याच्या दारात लावली. मोटारसायकली आणि रिक्षा झाल्या, ट्रॉलीच्या चाकाला मी हात जोडले. पंचरवाल्याने पैसे देऊ केले, मालकाने घेतले नाहीत. पुढच्या वेळी ट्यूबचं पंचर फुकट, असं ठरलं.

७.४५

वरच्या दुकानदारांचा किराणा सकाळी भरायचा होता, म्हणून गाडी रात्री इथेच. गेजच्या काचेवर खडूने रेघ मारली: ११८. बटण बंद, चावी माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी, ६.१०

काटा ११२ वर.

भाच्याने लगेच पाना उचलला. "मामा, सहा पौंड गेले. गेजमागचाच असेल."

"थांब. काल संध्याकाळी टाकीला हात लावला होतास?"

"गरम होती."

"आणि आता?"

चाळीस अंशांची हवा सत्तावीसवर आली की बंद टाकीतही दाब उतरतो, आणि एवढ्या दाबाला तो साडेपाच पौंडांच्या आसपास उतरतो. टायरची हवा सकाळी, गाडी न चालवता मोजा म्हणतात ते यासाठीच. राहिला अर्धा पौंड. तेवढी तर खडूच्या रेघेची जाडी आहे.

तरी वाटीत साबण कालवला. अकराही जोडांवर ब्रश फिरवला, गेजमागच्या जोडावर दोनदा, आणि खाली वाकून बघत बसलो. मालक तेलाचे डबे चढवत होता. प्रत्येक डब्याला गाडी हलत होती आणि साबणाचं पाणी थरथरत होतं.