तेलाच्या परातीला एक छोटंसं बूच

गाडीच्या पोटातल्या तेलाचा विषय निघाला की आपल्यापैकी बऱ्याचजणी ‘ते यांनाच माहीत’ म्हणून मोकळ्या होतात. गाडी शिकलो, लायसन्स काढलं, मुलांना क्लासला सोडलं, सासूबाईंना दवाखान्यात नेलं. पण गाडीखाली वाकून बघायचं म्हटलं की ते काम पुरुषांचं! म्हणूनच मैत्रिणींनो, आज एका बुचाची गोष्ट सांगते.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. तळाशी पाणी सोडायला नळ असेल तर टाकी वेळच्या वेळी धुतली जाते. नसेल तर तांब्या-तांब्याने पाणी उपसायचं कुणी? मग ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणता म्हणता तळाशी गाळ साचतो. गाडीचंही अगदी तसंच असतं.

परात आहे, बूच नाही

ज्या गाडीत गिअर आपोआप पडतात, तिच्या गिअरबॉक्समध्ये एक खास तेल असतं. बहुधा लाल रंगाचं. हे तेल नुसतं वंगण नाही. इंजिनाची ताकद पुढे पोचवणं, दाबाने आतले क्लच चालवणं, आतली उष्णता बाहेर नेणं, ही सगळी कामं तेच करतं. गिअरबॉक्सच्या तळाला पत्र्याची एक परात बोल्टांनी बसवलेली असते. तिला ऑइल पॅन म्हणतात. तेल तिथे जमतं. आत एक गाळणी असते आणि लोखंडाचा कीस धरून ठेवायला बहुधा लोहचुंबकही.

अशा गाड्यांची सवय आधी लागली ती अमेरिकेला. जनरल मोटर्सचा ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये आला आणि पुढे तिकडे घरोघरी ऑटोमॅटिक गाड्या झाल्या. गंमत म्हणजे इंजिनाच्या तेलाला खाली बूच असतंच, पण तिकडच्या कितीतरी गाड्यांत गिअरबॉक्सच्या परातीला ते दिलेलंच नसतं. तेल काढायचं तर परातीचे सगळे बोल्ट सैल करायचे. एक बाजू खाली आली की तेल कडेकडेने सांडतं. अंगावर, जमिनीवर, सगळीकडे. गाडी नुकतीच चालून आली असेल तर तेल चांगलंच तापलेलं असतं, हात भाजायची भीती. इतका पसारा कोण घालणार? म्हणून ते काम पुढे ढकललं जातं. तेल काळं पडतं, जळका वास येऊ लागतो आणि एक दिवस गिअरबॉक्सच खोलायची पाळी येते.

मावसबहिणीचा उद्योग

माझी मावसबहीण बरीच वर्षं अमेरिकेत आहे. तिकडे मेकॅनिकची मजुरी भारी, त्यामुळे घरच्या गॅरेजात बारीकसारीक दुरुस्ती करणं तिथे नेहमीचंच. तिच्या जुन्या गाडीच्या परातीला बूच नव्हतं. बाईंनी ते स्वतः बसवलं! फोनवर तिने सगळं इतकं रंगवून सांगितलं की जणू पुरणपोळीची कृती सांगतेय.

पहिला नियम, परात गाडीवरून काढूनच भोक पाडायचं. जागच्या जागी ड्रिल चालवलं तर धातूचे कण गिअरबॉक्सच्या पोटात जातात. दुसरी गोष्ट जागेची. भोक परातीच्या सखल भागात हवं, नाहीतर तेल तळाशी उरतंच. पण आतल्या गाळणीला आणि चुंबकाला ते अडता कामा नये, बाहेर सायलेन्सरच्या नळीलाही लागता कामा नये. शिवाय बूच खाली लोंबत राहिलं तर रस्त्यावरच्या उंचवट्याला आपटून तुटायचं. सगळं तेल वाटेत सांडलं की संपलंच.

बाजारात यासाठी तयार संच मिळतो. आट्यांचा एक पोकळ बोल्ट, त्याला नट, गळती थांबवायला वॉशर आणि मधोमध बसणारं बूच. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या, परात धुऊन कोरडी करायची आणि संच घट्ट बसवायचा. काहीजण पत्र्याला नट वेल्डिंग करून घेतात. त्यात पत्रा तापून वाकला तर परात नीट बसत नाही आणि कडेने गळत राहते. परात परत लावताना गॅसकेट नवं, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. जास्त जोर लावला तरी पत्रा वाकतो. शेवटी पुस्तकात सांगितलेलंच तेल, सांगितल्या मापाने.

‘पण बूच लावलं म्हणजे सगळं झालं असं नाही हं,’ ती म्हणाली. बूच उघडल्यावर परातीतलंच तेल बाहेर येतं. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या भागात बरंच अडकून राहतं. गाळणी बदलायला परात उतरवावीच लागते. मात्र तेल आधीच निघून गेल्यामुळे ती शांतपणे, न सांडता उतरते. फायदा इतकाच, पण तेवढ्यामुळेच काम टाळलं जात नाही.

आपल्याकडे काय?

२०१४ साली मारुतीची सेलेरिओ स्वस्तातल्या ऑटोमॅटिकचा पर्याय घेऊन आली आणि अशा गाड्या आपल्या गावांतही दिसू लागल्या. त्यातला गिअरबॉक्स मुळात साध्या गाडीसारखाच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं. इतर ऑटोमॅटिक गाड्यांचे प्रकार वेगळे आणि तेलंही वेगळी. एकाचं तेल दुसऱ्यात चालत नाही. जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांना बूच मुळातच असतं. तेव्हा भोक पाडायची घाई नको. आधी विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर असा बदल मुळीच करू नका, आणि प्लास्टिकच्या परातीला तर हातच लावू नका.

खरा मुद्दा पुढेच आहे. आपल्यातल्या बहुतेकींची गाडी म्हणजे बिनगिअरची स्कूटर. १९८४ साली स्थापन झालेल्या कायनेटिक होंडाने आपल्याला ती ओळखीची केली आणि २००१ मध्ये अॅक्टिव्हा आल्यावर ती घरचीच झाली. हीसुद्धा एक ऑटोमॅटिक गाडीच. तिच्या मागच्या चाकाजवळ गिअरची छोटी पेटी असते. त्यात इंजिनापेक्षा वेगळं असं, चहाच्या कपभर तेल असतं. आणि त्या पेटीला खाली तेल सोडायचा बोल्ट कंपनीनेच दिलेला असतो!

आमच्या मंडळात मी विचारलं, ‘गिअर ऑइल कधी बदललंत?’ हात वर करणाऱ्या अगदी थोड्या. आमच्यातली एक पोळी-भाजीचे डबे पोचवते. तिच्या स्कूटरच्या मागच्या चाकातून घूं घूं आवाज यायचा. इंजिनाचं ऑइल ती न चुकता बदलायची, पण या पेटीला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. शेवटी बेअरिंग आणि गिअर बदलावे लागले. महिन्याच्या किराण्याइतकं बिल, वर चार दिवस डबे रिक्षाने. कमाई रिक्षात गेली. कपभर तेलाने जे वाचलं असतं, त्याला केवढी किंमत मोजावी लागली!

गॅरेजमध्ये हे विचारा

- इंजिन ऑइल बदललंत, गिअर ऑइलचं काय? किती किलोमीटरला बदलायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा.
- जुनं तेल माझ्यासमोर काढा. राखाडी लगदा थोडा चालतो, धातूचे तुकडे दिसले तर कारण विचारा.
- बोल्टखालचं वॉशर बदललंत का?
- कारला बूच आहे का? नसेल तर तेल कसं काढता?
- बिलावर तारीख, किलोमीटर आणि तेलाचं नाव लिहून घ्या.
- जुनं तेल गटारात ओतू देऊ नका. नियमांनुसार तो घातक कचरा आहे.

तिकडे बायका बूच नाही म्हणून पत्र्याला भोक पाडतात. आपल्याला कंपनीने बोल्ट दिलाय, पाना मेकॅनिककडे आहे. फक्त विचारायचं तेवढं बाकी आहे. दुधाची पिशवी घेताना तारीख बघतो ना? मग स्कूटर सर्व्हिसिंगला टाकताना हा एक प्रश्न विचाराच.