खर्च राज्याचा, नेमणूक दिल्लीची

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी ही मागणी कैक दशके लावून धरली होती. पण ती मान्य करणे विधिमंडळाच्या हातात नव्हतेच.

उच्च न्यायालयांची रचना आपल्या राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत घातली आहे. न्यायमूर्तींची नेमणूक राष्ट्रपती करतात, बदलीही तेच करतात. पगार मात्र राज्याच्या तिजोरीतून जातो, तोही विधानसभेत मतदान न घेता. आणि निवृत्तिवेतन पुन्हा केंद्राकडून. अमेरिकेत राज्यांची न्यायालये वेगळी, संघराज्याची वेगळी. आपल्याकडे उतरंड एकच: कायदा संसदेचा असो वा विधिमंडळाचा, खटला त्याच दारी.

प्रत्येक राज्याला उच्च न्यायालय असेल, असे २१४ वे कलम म्हणते. तरी राज्ये २८ आणि उच्च न्यायालये २५, तीही दिल्ली आणि जम्मू-काश्मीर-लडाखची धरून. कारण २३१ व्या कलमाने संसदेला अनेक राज्यांसाठी एकच न्यायालय ठेवण्याची मुभा दिली आहे. गुवाहाटी आज चार राज्यांना पुरते. गोवा १९८७ मध्ये राज्य झाले, पण न्यायासाठी आपल्याच सोबत राहिले.

खंडपीठांचा मामला याहून गुंतागुंतीचा. नागपूरला १९३६ पासून स्वतःचे उच्च न्यायालय होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते गेले आणि खंडपीठ उरले. त्याच वर्षीच्या कायद्याचे ५१ वे कलम इथे महत्त्वाचे. कायम खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशानेच होते. पण राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती इतरत्रही न्यायमूर्ती बसवू शकतात. १९८१ मध्ये औरंगाबादेत हीच वाट धरली गेली. तिला आव्हान मिळाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार उचलून धरला. १९८४ मध्ये ते खंडपीठ कायम झाले.

कोल्हापूरचे बेंच त्याच वाटेने आले आहे. सावंतवाडीच्या पक्षकाराला तारखेसाठी मुंबई गाठायला लावणे हा न्याय नव्हता. तेव्हा हे बेंच कायम करणाऱ्या राष्ट्रपतींच्या आदेशासाठी राज्य सरकारने आता दिल्लीत नेटाने पाठपुरावा करावा.