टेलिफोन आणि शेतकऱ्याचा व्यवहार

आम्ही महसूल खात्याच्या नोकरीस लागलों तो काळ १९८० नंतरच्या दशकाचा. त्या वेळीं खेड्यांत ‘तार आली’ एवढे शब्द कानीं पडले कीं घरांत रडारड सुरू होई. तार वाचून पाहण्याचीहि वाट कोणी पाहत नसे. तालुका कचेरींत एक काळा टेलिफोन असे, पण जिल्ह्याशीं बोलावयाचें तर ट्रंक कॉल नोंदवून तासच्या तास खोळंबून बसावें लागे. गांवोगांवचा निरोप कोतवालाच्या पायांनीं जाई. आज तो कोतवालहि खिशांत मोबाईल बाळगतो, आणि सरकारी तारसेवा तर जुलै २०१३ मध्यें बंदच झाली. या स्थित्यंतरानें शेतकऱ्याच्या व्यवहारांत काय पालट केला, याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांस टेलिफोनचें पेटंट ७ मार्च १८७६ रोजीं मिळालें. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोनचीं केंद्रें जानेवारी १८८२ मध्यें उघडलीं. परंतु हें यंत्र बहुकाळ शहरांतील पेढ्यांचें व कचेऱ्यांचेंच राहिलें. बाजारभावाची बातमी व्यापाऱ्यास सकाळीं कळे. शेतकऱ्यास ती माल विकून झाल्यावर कळे. मधल्या वेळाचा लाभ कोणास होई, हें वाचकांस सांगणें नकोच.

अमेरिकेंतील शेतकऱ्यांचीहि प्रथम हीच स्थिति होती. विरळ वस्तींत तारा ओढणें कंपन्यांस परवडेना. १८९३ व १८९४ मध्यें बेल यांच्या मूळ पेटंटांची मुदत संपली, तेव्हां शेतकऱ्यांनीं स्वतःच मंडळ्या स्थापून यंत्रें विकत घेतलीं. कित्येक ठिकाणीं तर शेताच्या कुंपणाची कांटेरी तार हीच त्यांनीं टेलिफोनची तार केली. पाऊस पडला कीं बोलणें अस्पष्ट होई. तरी काम भागे. एका तारेवर अनेक घरें असत व प्रत्येक घराच्या घंटेची खूण निराळी असे. पुष्कळ ठिकाणीं सर्वांस एकदम घंटा देऊन हवामान व बाजारभाव सांगण्याची वहिवाट होती. १९२० च्या गणतींत तेथील दर शंभर शेतांपैकीं सुमारे ३९ शेतांवर टेलिफोन आढळला. बातमी एकट्यानें न राखतां सर्वांनीं ऐकावी, हें त्या व्यवस्थेचें मर्म होय.

आपल्या देशांत मोबाईलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांमध्यें झालें. त्याचा बाजारावर होणारा परिणाम केरळच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळ्यांच्या उदाहरणावरून चांगला समजतो. १९९७ ते २००१ या काळांत तेथें मोबाईल पोहोंचला. त्यापूर्वीं एका बंदरावर गिऱ्हाईक नसल्यानें मासळी फेंकून द्यावी लागे, आणि थोड्याच अंतरावरील बंदरांत तीच मासळी महाग असे. मोबाईल आल्यावर कोळी समुद्रांतूनच भाव विचारून मग नाव वळवूं लागले. नासाडी जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा सुमारें ८ टक्के वाढला व खाणाऱ्यास मासळी सुमारें ४ टक्के स्वस्त मिळाली. नाशवंत माल पिकविणाऱ्या आपणांसहि हा धडा लागू आहे.

तथापि या यंत्राची दुसरी बाजू आम्हीं पदरचे पैसे घालवून शिकलों. चार वर्षांपूर्वीं एका व्यापाऱ्यानें टेलिफोनवर कांद्याचा भाव सांगितला. त्यावर विसंबून आम्हीं तीस क्विंटल कांदा ट्रॉलींत भरला. माल पोहोंचल्यावर तो म्हणाला, “हा भाव पहिल्या प्रतीचा होता, तुमचा माल दुसऱ्या प्रतीचा.” क्विंटलामागें दोनशें रुपये कमी घेऊन परतावें लागलें, कारण माल मागें आणण्याचें भाडें त्याहून जड होतें. भांडावें तर हातीं कागदाचा कपटाहि नव्हता. ज्यानें उभी नोकरी दप्तरांत काढली, ‘कागदावर नाहीं तें झालेंच नाहीं’ असें दुसऱ्यांस सांगितलें, त्यानेंच केवळ आवाजावर सहा हजार रुपये गमवावे, याची आम्हांस आजहि लाज वाटते.

म्हणून आमची वाचकांस दोन गोष्टींची विनंति आहे. पहिली ही कीं, टेलिफोनवर सौदा ठरतांच तारीख, मालाची प्रत, वजन, भाव, भाडें व हमाली कोणाकडे आणि पैसे कोणत्या दिवशीं, हें सर्व मोबाईलवरच लिहून समोरच्यास पाठवावें व त्याचें लेखी उत्तर आल्याखेरीज गाडी भरूं नये. दुसरी ही कीं, गांवांतील चार-पांच जणांनीं निरनिराळ्या बाजारांचे भाव रोज विचारून ठरल्या वेळीं सर्वांस कळवावे. अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं जें कुंपणाच्या तारेवर साधलें, तें आपणांस तारेवांचून साधण्यास कांहींच अडचण नाहीं.

बातमी सर्वांनीं मिळून ऐकावी आणि सौदा लिहून ठरवावा. एवढें केलें तर हें यंत्र शेतकऱ्याचें खरें चाकर होईल; न केलें तर गप्पांचा खर्च तेवढा वाढेल.