लाडक्या जनावराचं चित्र: मोबाईलवर काढायचं, छापून भेट द्यायचं

बेंदूर आला की दारात बैल धुतले जातात, शिंगं रंगवली जातात, पाठीवर झूल चढते आणि घरातलं प्रत्येक पोर मोबाईल घेऊन फोटो काढायला धावतं. तिकडे मराठवाड्यात, विदर्भात हेच श्रावण अमावस्येला, पोळ्याला होतं. फोटो ढिगानं निघतात, पण भिंतीवर एकही लागत नाही. बैल विकला किंवा म्हातारा होऊन गेला, की मग कुणाच्या तरी मोबाईलमधला एखादा धूसर फोटो शोधत बसावं लागतं.

तो धूसर फोटो मोठा करून छापला तर आणखीच फुटतो. पण त्याच फोटोवरून मोबाईलवर बोटानं रंगवलेलं चित्र मोठं छापलं, तरी स्वच्छ येतं. कारण फोटोत जे दिसत नाही, ते आपण माहिती काढून भरतो. आमच्या गटातल्या काही जणी हे काम करतात. ते कसं करायचं, ते आज टप्प्याटप्प्यानं सांगतो.

पहिला टप्पा रंगांचा नाही, विचारण्याचा आहे. जनावर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे बैल सारखे दिसत नसतात. आमच्या गटातल्या एका ताईंना वडिलांना भेट द्यायला त्यांच्या खिलार बैलाचं चित्र हवं होतं. बैल दोन वर्षांपूर्वी विकलेला. हाती एकच फोटो, तोही लग्नाच्या वरातीतला, आणि बैल अर्धा माणसांच्या मागे. आम्ही ताईंच्या आईपाशी बसून विचारलं. उजव्या शिंगाचं टोक झिजलेलं होतं, डाव्या कानाला चीर होती, वशिंडाजवळ करडा रंग जास्त होता. हे सगळं वहीत लिहून घेतलं, मगच मोबाईल हातात घेतला. चित्र पाहिल्यावर वडिलांचं बोट आधी त्या झिजलेल्या टोकावर गेलं. मोबाईलमधला तयार फिल्टर फोटोचं चित्र क्षणात करून देतो, पण फोटोत नसलेली कानाची चीर त्याला कुठून कळणार?

जातीची खूणही ओळखून ठेवा. खिलाराची शिंगं लांब, मागे जाऊन वर वळलेली. देवणी गाय-बैलाच्या अंगावर बहुधा काळे-पांढरे डाग आणि कान लोंबते. लाल कंधारीचा रंगच लाल. पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी लांब, मागे खांद्यापलीकडे गेलेली. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी. जात चुकली, की बाकी चित्र कितीही सुंदर असलं तरी मालक म्हणतो, हे आमचं नव्हे.

जनावर दावणीला असेल तर फोटो स्वतः काढा. सकाळचं किंवा उतरतं ऊन चांगलं. भर दुपारी डोळ्यांवर काळी सावली पडते. फ्लॅश लावू नका. उभ्यानं वरून फोटो काढू नका, जनावराच्या डोळ्यांच्या उंचीला मोबाईल धरा. फार जवळ गेलात तर नाक मोठं आणि कपाळ लहान दिसतं, म्हणून चार पावलं मागे राहा. समोरून, बाजूनं, दोन्ही शिंगांचे आणि अंगावरच्या खुणांचे असे दहा-बारा फोटो घ्या. इंटरनेटवरचा दुसऱ्याचा फोटो घेऊन त्यावर चित्र काढू नका. तो आपला नसतो आणि जनावरही आपलं नसतं.

आता मोबाईल. आयबिस पेंट किंवा स्केचबुक यांसारखं चित्र काढायचं ॲप फुकट मिळतं. नवीन चित्र उघडताना ते आधी माप विचारतं, आणि इथंच छपाईचा निम्मा निकाल लागतो. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके लागतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. ८ बाय १२ इंचाचं चित्र हवं असेल, तर ८ गुणिले ३०० म्हणजे २४०० आणि १२ गुणिले ३०० म्हणजे ३६००. हेच आकडे मापाच्या जागी भरा. लहान मापावर काढून नंतर वाढवलं, तर चित्राच्या कडा फुटतात.

पुढची गोष्ट थरांची. ॲपमध्ये त्याला लेयर म्हणतात. एकावर एक ठेवलेले पारदर्शक प्लास्टिकचे कागद डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात खाली फोटो ठेवा आणि तो फिका करा. त्याच्या वरच्या थरावर फक्त रेषा काढा: कपाळ, शिंगं, कान, मानेखालची पोळी. मग रेषांच्या खाली नवा थर घेऊन सपाट रंग भरा. सावलीचा थर वेगळा, केसांचा वेगळा, गोंडे-घुंगरांचा वेगळा. असं केलं, की गोंड्याचा लाल रंग आवडला नाही तर तेवढाच पुसता येतो, बैलाला धक्का लागत नाही. काम झालं की खालचा फोटो लपवा.

रंग भरताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पांढरा बैल नुसत्या पांढऱ्या रंगानं रंगत नाही. डोळे किलकिले करून फोटो पाहा. मान, पोट आणि पाय यांवर करडा, निळसर, मातकट रंग दिसेल. आधी तो भरा, शुद्ध पांढरा फक्त ऊन पडलंय तिथं. दोन, केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं बोट फिरवा. तीन, डोळा घाईनं करू नका. गाय-बैलाची बाहुली आडवी लांबट असते, शेळीची आडवी चौकोनी, आणि मांजराची उजेडात उभी चिरेसारखी. बाहुलीशेजारी उजेडाचा एक छोटा पांढरा ठिपका दिला, की चेहऱ्यात जीव येतो.

चित्र झालं, की छापायच्या आधी जनावर ओळखणाऱ्या घरातल्या कुणाला तरी दाखवा. ज्याला भेट द्यायची त्याला नको, दुसऱ्या कुणाला तरी. आमच्या त्या ताईंच्या आई म्हणाल्या, “मान एवढी खाली नसायची त्याची.” मोबाईलवर मान उचलायला थोडा वेळ लागला. छापल्यावर हेच सांगितलं असतं तर कागद वाया गेला असता.

छपाईला फोटो स्टुडिओत जाताना चित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या फोटोसारखं पाठवू नका. तिथं ते आकसतं आणि आपण भरलेले बरेच ठिपके वाटेतच गळतात. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर न्या. मोबाईलचा पडदा मागून उजळलेला असतो, कागद नसतो, त्यामुळे छापील चित्र थोडं गडद येतं. म्हणून आधी ४ बाय ६ चा एक लहान नमुना छापून घ्या आणि उन्हात नेऊन पाहा. काळवंडलेलं वाटलं तर चित्र थोडं उजळ करा. चारही बाजूंना अर्धा इंच जागा सोडा, नाहीतर फ्रेमखाली शिंगाचं टोक जायचं. चकाकी नसलेला मॅट कागद घ्या, त्यावर खिडकीचा उजेड चमकत नाही. काच आणि कागद यांमध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा. पावसाळ्यात कागद काचेला चिकटत नाही. थेट ऊन येणारी किंवा ओल धरणारी भिंत टाळा.

आता पैशांचं. आपल्यातली एखादी असं चित्र करते आणि फक्त छपाईचे पैसे घेते. म्हणते, “त्यात काय, घरी बसून तर केलं.” मैत्रिणींनो, घरी बसून केलेलं कामही कामच असतं. हिशेब मांडून पाहू. समजा छपाईला १०० रुपये लागले, फ्रेमला २५०, स्टुडिओला जायला-यायला ४०. चित्राला ६ तास लागले आणि तासाला ५० रुपये धरले, तर ३०० रुपये. एकूण ६९० रुपये झाले. फक्त छपाई, फ्रेम आणि प्रवास धरला तर ३९०. मधले ३०० रुपये म्हणजे तुमची मजुरी, तीच आपण सोडून देतो. तुमच्या गावचे दर लिहून असाच हिशेब करा. चित्र हाती घेण्याआधी रक्कम सांगा आणि निम्मे पैसे आधी घ्या. बहिणीला भेट द्यायची असेल तर खुशाल फुकट द्या, पण तासांची नोंद वहीत तरीही करा. आपल्या वेळेची किंमत आधी आपल्याला कळली पाहिजे.

दोन गोष्टी भेट देण्याबद्दल. जनावर नुकतंच दगावलं असेल तर घरात आधी विचारा. काहींना लगेच चित्र हवं असतं, काहींना ते समोर नको असतं. आणि ते चित्र आपल्या स्टेटसला लावण्याआधी त्या घरची परवानगी घ्या. दुःख त्यांचं आहे, जाहिरात आपली व्हायला नको.

पुढच्या मासिक बैठकीला येताना तुमच्या गोठ्यातल्या एका जनावराचे पाच फोटो मोबाईलमध्ये घेऊन या. शेळी, कुत्रा, मांजर, काहीही चालेल. सोबत एका कागदावर त्या जनावराच्या तीन खुणा लिहून आणा, ज्या फक्त तुमच्या घरालाच माहीत आहेत. तिथूनच आपण सुरुवात करू.