काट्यावर चढलेला यंत्रमानव

60 टन वजनाचे यंत्र 55.5 टनांच्या रेट्याने जमिनीवरून उचलले जाईल काय? हिशेबाची सवय असलेला कोणीही या प्रश्नाला क्षणाचाही विलंब न लावता ‘नाही’ असे उत्तर देईल. परंतु जपानमध्ये अशा प्रश्नांवर चार दशकांहून अधिक काळ हिरिरीने वाद चालत आला आहे. गंमत अशी की, ज्या यंत्राविषयी तो वाद आहे, ते जगाच्या पाठीवर कोठेही अस्तित्वात नाही.

त्या यंत्राचे नाव ‘गंडम’. दिग्दर्शक योशियुकी टोमिनो यांची याच नावाची चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर एप्रिल 1979 मध्ये सुरू झाली. जपानी चित्रपटाच्या या प्रकाराला आता आपल्याकडील मुलेही ‘अ‍ॅनिमे’ म्हणूनच ओळखतात. गंडम हा 18 मीटर उंचीचा, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा यंत्रमानव. त्याच्या पोटात बसून एक पंधरा वर्षांचा मुलगा त्याला चालवतो. मालिकेच्या चाहत्यांनी त्याचे वजन, इंजिनाची शक्ती, चिलखताचा धातू, बंदुकीची क्षमता यांचे आकडे तोंडपाठ केले आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही, हे ताडून पाहण्याचा छंद त्यांना जडला.

आपल्याकडील मध्यम वयाच्या पिढीला महाकाय यंत्रमानव नवा नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ दिसत असे. मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेवरून तोएई कंपनीने 1967 मध्ये ती मालिका तयार केली होती. मनगटावरील घड्याळातून आज्ञा देणारा मुलगा आणि त्याचा प्रत्येक शब्द झेलणारा तो लोखंडी राक्षस आजही अनेकांना आठवत असेल. मात्र त्या काळच्या प्रेक्षकाने त्याचे वजन विचारले नाही. आजची मुले ते विचारतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या कानावर ही चर्चा पडली, की ‘अभ्यास सोडून हे कसले रिकामपणाचे उद्योग’ असा शेरा ठरलेला असतो. तो शेरा मारण्यापूर्वी हा उद्योग नेमका कसा चालतो, ते एकदा पाहावे.

त्यासाठी माळशिरस तालुक्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. गळीत हंगामात अकलूज-माळीनगरच्या वाटेने उसाच्या गाड्यांची रीघ लागते, आणि प्रत्येक गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर दोनदा चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. दोन्ही आकड्यांतील फरक म्हणजे ऊस. आता गंडमच्या माहितीपत्रकात काय आहे पाहा: रिकामे वजन 43.4 टन, भरलेले वजन 60 टन. मधले 16.6 टन म्हणजे इंधन, शस्त्रे आणि इतर भार. कल्पित यंत्राला कोणी दोन वजने दिली असतील, तर त्याला काट्याचा व्यवहार कळत होता, एवढे मान्य करावे लागते.

पण काट्यावरील चिठ्ठी पुरेशी नाही, माल आणि वजन यांचा मेळ बसला पाहिजे. 1.7 मीटर उंचीचा, 68 किलो वजनाचा माणूस घ्या आणि त्याला त्याच ठेवणीत 18 मीटरपर्यंत वाढवा. उंची 10.6 पट होते. हाडांच्या आणि पायांच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 112 पट वाढते. आकारमान, आणि त्याबरोबर वजन, जवळजवळ 1,190 पट होते. म्हणजे निव्वळ हाडामांसाचा हा राक्षस 81 टन भरतो, आणि पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पूर्वीच्या साडेदहापट भार येतो. हे गणित जपानी चाहत्यांचे नव्हे. गॅलिलिओने 1638 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते मांडले आहे: राक्षस उभा राहायचा असेल, तर त्याची हाडे बेढब जाड तरी हवीत किंवा अधिक कठीण पदार्थाची तरी.

गंडम तर हाडामांसाहूनही हलका! तेवढ्याच आकाराचा भरीव पोलादी पुतळा 600 टनांच्या वर जाईल. गंडमचे रिकामे वजन 43.4 टन, म्हणजे तो सागवानाहूनही हलका ठरतो. 1972 मध्ये अवतरलेला गो नागाई यांचा ‘माझिंगर झेड’ हा त्याचा पूर्वज. त्याचीही उंची 18 मीटरच, पण वजन अवघे 20 टन. त्याची घनता पाण्याच्या पाव हिश्शाएवढी येते. हे दोघे उजनीच्या जलाशयात उतरले, तर बुडणार नाहीत, लाकडाच्या ओंडक्यासारखे तरंगतील. एक पक्ष येथे टाळ्या वाजवतो. दुसरा पक्ष शांतपणे विचारतो, यंत्र पोकळ असले आणि सांध्यांतून पाणी आत शिरले, तर? मग पहिल्या पक्षाने पुन्हा पाटी हाती घ्यायची. तिसरा कोणी जमिनीचा प्रश्न काढतो. पाऊल 3 मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद धरले, तर चालताना एका पायावर दर चौरस मीटरला 16 टन भार पडतो. श्रावणात काळ्या रानात ट्रॅक्टरचे चाक रुतलेले ज्याने पाहिले आहे, त्याला पुढील उत्तर सांगावे लागणार नाही. चौथा विचारतो, हा राक्षस ठेच लागून पडला, तर आतल्या मुलाचे काय? छातीची उंची 13 मीटर धरली, तर तो मुलगा ताशी 57 किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटेल.

आता सुरुवातीचा प्रश्न. गंडमच्या सर्व अग्निबाणांचा एकूण रेटा 55.5 टन दिलेला आहे आणि भरलेले वजन 60 टन. खाते जुळत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. पण मालिका पुन्हा पाहावी. पृथ्वीवर गंडम पक्ष्यासारखा उडत नाही. पायांच्या जोरावर उसळी घेतो, अग्निबाणांच्या साहाय्याने ती लांबवतो आणि खाली येतो. रेटा वजनापेक्षा थोडा कमी असल्यावर यंत्र असेच वागेल.

याहून गोड कोडे विजेचे आहे. यंत्राच्या अणुभट्टीची क्षमता 1,380 किलोवॅट, म्हणजे सुमारे 1,850 अश्वशक्ती. आपल्या रेल्वेच्या जुन्या डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनाची 2,600 होती. बंदुकीची क्षमता मात्र 1.9 मेगावॅट, म्हणजे 1,900 किलोवॅट. उत्पन्न 1,380 आणि खर्च 1,900! हा तोट्याचा धंदा चालतो कसा? उत्तर असे की, बंदुकीतील ऊर्जा यंत्रमानवाच्या भट्टीतून येतच नाही. ती मोठ्या जहाजावर आधीच बंदुकीत भरून ठेवलेली असते, यंत्राने फक्त ती मोकळी करण्यापुरती वीज द्यायची. शिल्लक पूर्वीच्या ठेवीची, चालू खात्यावर केवळ काढण्याचा खर्च. म्हणूनच काही वेळा झाडल्यावर ती बंदूक रिकामी पडते. बँकेच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला हे उत्तर पटायला हरकत नाही.

या सगळ्या वादांचा एक अलिखित करार आहे. गंडमच्या कथेत ‘मिनोव्स्की’ नावाचा एक कल्पित कण आहे. तो पसरला की रडार आंधळे होते, दुरून सोडलेली क्षेपणास्त्रे भरकटतात, आणि म्हणून शत्रूला डोळ्यांनी पाहून जवळून लढावे लागते. महाकाय यंत्रमानवाची गरज का, याचे कथेतील कारण ते हेच. हा कण खोटा आहे, हे प्रत्येक चाहत्याला ठाऊक असते आणि त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. पण हे एक खोटे भांडवल म्हणून जमेस धरले की पुढची प्रत्येक नोंद खरी उतरली पाहिजे. पाचव्या भागात कणाचा परिणाम एक आणि विसाव्यात दुसरा, असे झाले की किर्द-खतावणी तपासणाऱ्या मुनिमासारखे चाहते उठून बसतात.

मराठी वाचकाला ही अट अपरिचित वाटू नये. मराठी विज्ञान परिषदेने 1974 मध्ये घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अज्ञात लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ते नाव जयंत विष्णु नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतले होते. कल्पनेला मोकळीक असावी, पण तिने विज्ञानाची चौकट मोडू नये, अशीच त्यांची भूमिका होती. यंत्रमानवाच्या चाहत्यांमध्ये शास्त्रज्ञ थोडे असतील, परंतु त्यांचा आग्रह त्याच जातीचा आहे.

जपानमध्ये या आग्रहाचे पुढे पुस्तक झाले. रिकाओ यानागिता यांनी 1996 मध्ये कल्पित नायकांचे आणि यंत्रांचे विज्ञान तपासणारे एक विनोदी पुस्तक लिहिले आणि ते तडाखेबंद खपले. त्यानंतर 2002 मध्ये विज्ञानकथालेखक हिरोशी यामामोतो यांनी यानागितांच्याच गणितांतील चुका दाखवणारे दुसरे पुस्तक काढले. लेखापरीक्षकाचेच लेखापरीक्षण झाले, आणि तेही विकले गेले.

येथे व्यापाऱ्याने कान टवकारावेत. गंडमची मालिका पहिल्या खेपेस अपयशी ठरली होती. तिला पैसा पुरवणारी क्लोव्हर ही खेळण्यांची कंपनी; लहान मुलांसाठी बनवलेली तिची खेळणी अपेक्षेप्रमाणे खपली नाहीत आणि 52 भागांची योजना 43 भागांत गुंडाळून जानेवारी 1980 मध्ये प्रक्षेपण थांबले. पण त्याच वर्षी जुलैत बांदाई कंपनीने गंडमची जुळणी करण्याची प्लॅस्टिक प्रतिकृती बाजारात आणली. मूळ यंत्राच्या 1/144 प्रमाणात, साडेबारा सेंटिमीटर उंच, किंमत 300 येन. ग्राहक कोण? तर वजन आणि रेट्यावर वाद घालणारी तीच थोराड मुले. त्यांना खेळणे नको होते, प्रमाणबद्ध नमुना हवा होता. 1981 मध्ये ‘गंडम सेंच्युरी’ हा तांत्रिक तपशिलांचा विशेषांक निघाला. त्यातील चर्चेतून पडद्यावर कधीही न दिसलेली यंत्रे ‘असू शकतील’ म्हणून रेखाटली गेली, आणि 1983 मध्ये बांदाईने त्यांच्याही प्रतिकृती विक्रीस आणल्या. त्याच वर्षी क्लोव्हरचे दिवाळे निघाले. गिऱ्हाइकाचा वाद एकाने कटकट मानला, दुसऱ्याने मागणी. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. वाद जितका रंगेल तितकी प्रतिकृतींची रांग वाढते, आणि ती रांग घरातील कपाटात व वडिलांच्या खिशात मावेलच असे नाही.

शेवटी एकदा खरा काटाही झाला. योकोहामाच्या बंदरावर डिसेंबर 2020 मध्ये 18 मीटर उंचीचा, हलता गंडम प्रत्यक्ष उभा राहिला. पोलाद आणि कार्बन तंतूंचे प्लॅस्टिक वापरून त्याचे वजन सुमारे 25 टनांवर आणण्यात आले. तो हात उचलत असे, बोटे हलवत असे, गुडघा वाकवत असे, पण सारे अगदी संथ गतीने. आणि कमरेमागे त्याला एका भक्कम आधाराने धरून ठेवलेले होते. स्वतःच्या दोन पायांवर तो एक पाऊलही मोकळा चालला नाही. मार्च 2024 अखेर तो प्रयोग संपला. गॅलिलिओचे म्हणणे पुन्हा एकदा खरे ठरले, आणि चाहत्यांना त्यात दुःख झाल्याचे दिसले नाही. त्यांना नव्या वादासाठी खरे आकडे मिळाले होते.

आपल्या महाराष्ट्रातील विद्यार्थीही या वाटेवर आहेत. जपानमध्ये 2002 साली सुरू झालेली ‘रोबोकॉन’ ही आशियाई स्पर्धा 2014 मध्ये पुण्यात बालेवाडीला झाली. तेथे यंत्र दाखवण्यापूर्वी त्याला नियमांच्या मापात बसावे लागते, आणि तेथे मिनोव्स्की कण चालत नाही. यंत्रमानवाच्या पायाखालची जमीन खचेल का, असा प्रश्न ज्याला पडतो, त्या मुलाला अशा ठिकाणी परके वाटणार नाही.

इतके कौतुक करूनही एक गोष्ट खटकते. गंडमच्या पहिल्याच भागात सांगितले आहे की, युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना उलटला आणि मानवजातीचा निम्मा भाग मेला. चाहत्यांच्या वहीत चिलखताचा धातू असतो, रेटा असतो, किलोवॅट असतात; हा आकडा क्वचितच असतो. त्यावर वाद होण्यासारखे काही नाही, म्हणून बहुधा तो कोणी मांडत नसावे. अहिंसा ज्या घरांत रोजच्या ताटापर्यंत पोहोचलेली आहे, तेथील मुलाला वडिलांनी हा एक प्रश्न विचारायला हरकत नाही. मुलाने पाहिलेली कथाही त्यावर गप्प नाही. टोमिनोंनी ती युद्धाच्या कौतुकासाठी लिहिली नव्हती.

गंडमची रचना ज्याने केली, तो शास्त्रज्ञ त्या पंधरा वर्षांच्या चालकाचा बाप आहे. बापाला यंत्रापलीकडे काही दिसत नाही. एका हल्ल्यात तो अवकाशात फेकला जातो, प्राणवायूअभावी त्याच्या मेंदूला इजा होते. पुष्कळ दिवसांनी मुलगा त्याला एका खोलीत गाठतो. बाप मुलाची खुशाली विचारत नाही. तो मोठ्या उत्साहाने हातात एक सुटा भाग देतो, गंडमला लाव, त्याची ताकद अनेक पटींनी वाढेल, असे सांगतो. मुलाला पाहताक्षणीच कळते की तो भाग जुनाट आणि निरुपयोगी आहे. तो बापाला तसे सांगत नाही. निरोप घेऊन बाहेर पडतो, आणि रस्त्यावर आल्यावर तो भाग फेकून देतो.